काट्या लावलेली घरं

बच्छाव सर चोरीवर फार सुंदर बोलत. चोरी म्हणजे वाङ्मयचोरी, पाकीटमारी नव्हे. पीएच.डी.ला नाव घातलेल्या नव्या मुलांपुढे दर वर्षी त्यांचं हे व्याख्यान ठरलेलं असे. "दुसऱ्याच्या मळ्यातली मेथी आपल्या पाटीत भरून बाजारात बसलात तर गिऱ्हाईक फसेल, पण शेजारचा माळी फसायचा नाही," असं ते म्हणत, आणि मखमलाबाद, आडगावकडची पोरं खदखदून हसत, कारण त्यांच्या घरी मेथीच होती. मग सर हात वर करून शांत करत आणि सांगत, की वाक्य घेतलं तर अवतरणचिन्ह द्या, खाली नाव द्या, साल द्या, पान द्या. नाव दिलं की उसनवारी, नाही दिलं की चोरी. एवढं सोपं आहे ते.

अंजली पगारेला हे व्याख्यान पाठ होतं. सरांना खोकला आला तर पुढचं वाक्य तिनं म्हणून दाखवलं असतं.

तिचे वडील धोंडीराम एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात राखेच्या विभागात नोकरी करून निवृत्त झालेले. आई चांगुणाबाई अक्षर अक्षर लावून वाचणारी, पण मुलीच्या शिक्षणाच्या बाबतीत कुणाच्या बापाला न ऐकणारी. अंजली गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवायची, तीही तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास तेवढा पगार, आणि उन्हाळ्यात तास नाहीत म्हणून पगारही नाही. पीएच.डी. झाली की कायम करू, असं संस्थेनं तिला सांगितलं होतं. तोंडी सांगितलं होतं, पण कॉलेजात तोंडी सांगितलेल्यावरच माणसं पाच-पाच वर्षं काढतात.

गाईड शोधताना तिची चप्पल झिजली होती. कुणाकडे जागा भरलेल्या, कुणी विषयच समजून घेईना, कुणी आडनाव विचारून झाल्यावर कामात गढून गेलं. डॉ. खंडेराव बच्छाव यांनी मात्र काही विचारलं नाही. "कुठल्या विषयात रस आहे?" एवढंच विचारलं, आणि सही केली. पुढे एकदा ते पगाऱ्यांच्या घरीही आले, मांडी घालून जेवले, दुसऱ्यांदा वांग्याची भाजी मागून घेतली. चांगुणाबाई त्या दिवसापासून सरांचं नाव निघालं की डोक्यावरचा पदर सावरायच्या. आणि अंजलीचं म्हणाल तर, तिचा सरांवर जीव होता. पुढचं सगळं त्यामुळेच अवघड झालं.

विषय होता सुरगाण्याच्या डोंगरातल्या माणसांचं स्थलांतर. भात-नागली निघाली की कुटुंबंच्या कुटुंबं कामाला बाहेर पडतात, त्यांचं पुढे काय होतं? अंजलीनं एक पाडा निवडला. माणसं भरून, टपावरही माणसं घेऊन जाणाऱ्या जीपनं एकटी पोर जाणार, हे चांगुणाबाईंना पटेना. त्याही निघाल्या. दोघी मायलेकी पहिल्यांदा पौषात गेल्या, तेव्हा जवळजवळ सगळा पाडा बंद होता. कुलूप कुठेच नव्हतं. दारांना करवंदीच्या काट्यांचे भारे आडवे लावलेले. अंगणात माणूस नाही, कोंबडी नाही.

"अंजे, इथं काय उरलं न्हाय," चांगुणाबाई हळूच म्हणाल्या. त्यांच्या माहेरी ज्या विहिरीत कुणी जीव दिला, तिच्या तोंडावर अशाच काट्या टाकायचे. मग ती विहीर कुणाची नसायची. अंजलीनंही लहानपणी ती विहीर पाहिली होती. पाड्यावर उरलेली दोन-तीन म्हातारी माणसं काही विचारलं की नुसती हसत होती. त्यांची बोली हिला कळत नव्हती, हिची त्यांना. मग जे डोळ्यांना दिसलं तेच तिनं खरं धरलं.

घरी येऊन तिनं चौथं प्रकरण लिहिलं. पहिली तीन प्रकरणं म्हणजे पुस्तकांतून वेचलेला पालापाचोळा होता, हे तिलाही ठाऊक होतं. चौथं मात्र तिचं होतं. काट्या लावलेली घरं म्हणजे कायमची सोडलेली घरं, असा तिनं निष्कर्ष काढला, आणि लिहिता लिहिता एक वाक्य आलं: 'इथे दार बंद करत नाहीत, दार पुरतात.' ते आलं तेव्हा तिच्या अंगावर काटा आला. लिहिणाऱ्याला असं वाक्य आयुष्यात फार वेळा येत नाही.

सरांनी तो कच्चा खर्डा वाचला आणि चष्मा काढला. सर सटाण्याकडचे, खूश झाले की घरच्या अहिराणीत शिरायचे. "तुनं काम चांगलं शे पोरी," ते म्हणाले. "राहू दे माझ्याकडं, सावकाशीनं पाहतो." तिनं हातानं लिहिलेली एकुलती एक प्रत त्यांच्या टेबलावर ठेवली. गाईडकडे ठेवलेल्या कागदाची झेरॉक्स काढून ठेवायची असते, असं तिला कुणी शिकवलं नव्हतं. आणि शिकवलं असतं तरी तिनं काढली नसती, तिला ते पाप वाटलं असतं.

होळीला मायलेकी पुन्हा पाड्यावर गेल्या. लांबूनच धूर दिसला. जवळ गेल्यावर अंजलीचे पाय जागच्या जागी थांबले. काट्या बाजूला ओढलेल्या, अंगणं सारवलेली, पोरं होळीसाठी लाकडं ओढत निघालेली. ज्या घराला तिनं 'पुरलेलं' म्हटलं होतं, त्याच्या दारात सखुबाई नावाची बाई नातवाला नाहू घालत होती. तिला थोडी मराठी येत होती. दिंडोरीकडं द्राक्षाच्या बागांवर गेलो व्हतो, म्हणाली, दरसाल जातो. "काट्या नाय लावल्या तं गुरं शिरतील ना घरात! मेलो व्हतो का काय आमी?" आणि तोंडाला पदर लावून ती इतकी हसली, की शेवटी चांगुणाबाईही हसल्या. मग सखुबाईनं दोघींना बसवून नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी वाढली. चांगुणाबाईंनी ती जमिनीवर बसून चाटूनपुसून खाल्ली आणि वर सखुबाईला नाशिकला यायचं आमंत्रण दिलं.

अंजलीनं भाकरी तुकडा तुकडा करून कशीबशी संपवली. तिला स्वतःची लाज वाटली. जिवंत माणसांना आपण एका सुंदर वाक्यात पुरून टाकलं, असं तिला वाटलं. परत आल्यावर तिनं चौथं प्रकरण बसून दुरुस्त केलं. वर्णन तेच ठेवलं, घरं, काट्या, रस्ता, जीप, सगळं तेच. निष्कर्ष मात्र उलटा केला. काट्या म्हणजे परत येण्याची खूण. ही माणसं गेलेली नाहीत, ती गावाचीच आहेत. ते वाक्यही काढलं. काढताना जीव थोडा हळहळला, पण काढलं. नवीन प्रकरण घेऊन ती सरांकडे गेली तेव्हा सर फोनवर होते. त्यांनी खुणेनंच टेबल दाखवलं. तिनं ते ढिगावर ठेवलं. त्या ढिगाखाली काय काय गेलं असेल, देव जाणे.

दोन हजार तीन साली तिनं प्रबंध सादर केला. मार्गदर्शकाच्या प्रमाणपत्रावर सरांनी झोकात सही केली: 'हे संशोधन विद्यार्थिनीचे स्वतःचे असून...' चांगुणाबाईंनी घरी खीर केली.

मग कित्येक महिने काहीच आलं नाही. आणि आलं ते सरांचं बोलावणं. सरांनी दार लावून घेतलं. बाहेरच्या विद्यापीठातल्या परीक्षकांचा अहवाल टेबलावर होता. चौथं प्रकरण एका प्रकाशित लेखाशी शब्दशः जुळतं, असं त्यांनी लिहिलं होतं. त्यातून, विद्यार्थिनीनं मूळ लेखाचा निष्कर्ष कसलाही आधार न देता फिरवला आहे, म्हणजे ही नुसती चोरी नाही तर मोडतोडही आहे. प्रबंध नामंजूर का करू नये?

"कुणाचा लेख?" अंजलीनं विचारलं.

सरांनी एका चर्चासत्राचा छापील अंक पुढे सरकवला. दोन हजार दोनचा. लेखक, डॉ. खंडेराव बच्छाव. पहिल्याच पानावर मोठ्या ठशात, चौकटीत घातलेलं: 'इथे दार बंद करत नाहीत, दार पुरतात.' लेखाच्या शेवटी बारीक अक्षरात छापलं होतं, की माहिती गोळा करण्याच्या कामी कु. अंजली पगारे यांची मदत झाली.

तिनं ती ओळ पुन्हा वाचली. मदत झाली. सर काहीतरी बोलत होते.

"...प्राचार्यपदाचं चाललं होतं त्या वेळी. लेख कमी पडत होता. आपलं घरचंच आहे असं समजलो मी. गाईड आणि विद्यार्थी, यात तुझं-माझं काय असतं सांग? तुझं नाव घातलंय की खाली."

"सर, तो कच्चा खर्डा होता. त्यात चुकलेलं आहे. ती माणसं परत आली होती. मी नवीन प्रकरण दिलं होतं तुम्हाला."

"दिलं होतंस?" सरांनी खरंच आठवून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरची लाज खोटी नव्हती, आणि अंजलीला त्याचाच जास्त राग आला. माणूस पुरता लबाड असता तर तिला दोन शब्द तरी बोलता आले असते. "राहिलंच ते वाचायचं," ते म्हणाले.

"परीक्षकांना कळवा ना मग, की ते मूळचं माझं आहे."

"आणि मी कोण म्हणून कळवू? चोर म्हणून?" सर उभे राहिले. त्यांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "हे बघ, आत्ता ते म्हणतायत तू माझं घेतलंस. मी लिहिलं की मी तुझं घेतलं, तर माझी नोकरी तर जाईलच, पण ज्याच्या सहीवर तुझा प्रबंध उभा आहे, त्याच्या सहीला काय किंमत राहील? तुझाही बुडेल. मी तुझ्या भल्याचं बोलतोय."

वाईट एवढंच, की ते खरं होतं.

तरी ती गप्प बसली नाही. एके दिवशी पहाटेची एसटी धरून ती विद्यापीठात गेली. तिथल्या खिडकीमागच्या बाई भल्या होत्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "तक्रार करता येते की," त्या म्हणाल्या. "मूळ खर्डा आहे का तुमच्याकडं? पहिला?"

"तो सरांकडेच आहे. माझ्याकडे दुरुस्त केलेला आहे."

"त्यात आणि लेखात तर फरक आहे ना? म्हणजे तो काही उपयोगाचा नाही." बाईंनी सुस्कारा टाकला. "साक्षीदार?"

"आई होती बरोबर."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तक्रार चालेपर्यंत प्रबंध अडकून पडेल. गाईड बदलायचा असेल तर नव्यानं नोंदणी. आणि बदलायला आधीच्या गाईडचं ना-हरकत लागेल." म्हणजे सरांविरुद्ध जायचं तर सरांची सही घेऊन जा. अंजलीला तिथं उभ्या उभ्या हसू आलं, आणि मग रडू आलं. बाईंनी खिडकीतून पाण्याचा पेला पुढे केला. पाणी देण्यापलीकडे त्यांच्याही हातात काही नव्हतं.

तोडगा सरांनीच काढला. तो त्यांच्या व्याख्यानातलाच होता. "नाव दिलं की चोरी उरत नाही. चौथ्या प्रकरणाला अवतरणचिन्हं घाल, जिथं जिथं जुळतं तिथं माझा लेख, साल, पान. दुरुस्त प्रत पाठवू, मी परीक्षकांशी बोलतो. तुझं ते परत येण्याचं तळटीपेत टाक, माझी ना नाही."

कॉलेजात नव्या वर्षाचे तास वाटायला सुरुवात झाली होती. प्रबंध नामंजूर झाला तर तिला तेही मिळणार नव्हते. चोरीचा शिक्का बसलेली बाई कोण वर्गावर घेईल? वडिलांना तिनं अर्धंच सांगितलं, आईला तर काहीच नाही. जिच्या तोंडी सरांचं नाव देवमाणूस म्हणून होतं, तिला काय सांगणार?

नाशिकरोडच्या टायपिंग सेंटरमध्ये साधना नावाची ऑपरेटर होती. तिच्या शेजारी बसून अंजली सांगत गेली, इथं अवतरण सुरू, इथं बंद. इथं बच्छाव, दोन हजार दोन. इथंही. जीपच्या टपावर बसून सुरगाण्याला गेलेली अंजली, बच्छाव दोन हजार दोन. काट्यांना हात लावून बोट रक्तबंबाळ झालेली अंजली, बच्छाव दोन हजार दोन. सर त्या पाड्यावर कधी गेलेच नव्हते. काढून टाकलेलं ते वाक्यही परत आलं, कारण मूळ लेख जसाच्या तसा द्यायचा होता.

"मॅडम," साधना थांबून म्हणाली, "सगळंच त्यांचं आहे का हो? मग तुमचं काय राहिलं यात?"

"तळटीप," अंजली म्हणाली. ती शेवटच्या पानाखाली होती, चार ओळींची. होळीला ही कुटुंबं परत आल्याचे प्रस्तुत संशोधिकेस आढळले. या चार ओळींवर ती जगत होती म्हटलं तरी चालेल. पदवीसाठी बाकी सगळं देऊन टाकलं होतं, पण खरं काय ते एका कोपऱ्यात तरी छापलेलं राहणार होतं.

व्हायवाला विभागाचा हॉल भरला. व्हायवा खुली असते, कुणीही येऊन बसावं. रीतीप्रमाणे पेढ्यांचे पुडे आले, गाईडसाठी शाल आली. धोंडीराम इस्त्रीचा शर्ट घालून मागे बसले. चांगुणाबाई निळ्या काठाची पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत. सरांनी त्यांना हात जोडले, त्यांनी सरांना वाकून जयभीम केला.

बाहेरून आलेले परीक्षक सभ्य गृहस्थ होते. दुरुस्तीबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केलं. "प्रबंधातलं सर्वोत्तम प्रकरण चौथं," ते म्हणाले, "कारण तिथं तुम्हाला सरांच्या लेखाचा भक्कम आधार मिळाला आहे. दार पुरतात! केवढं वाक्य आहे!" हॉलमध्ये माना डोलल्या. सर खाली बघत होते. "एकच शंका आहे. ही शेवटची तळटीप. कुटुंबं परत आली म्हणता. आधार काय?"

"मी पाहिलं सर."

"तुम्ही पाहिलं हे ठीक. कुठं छापून आलंय?"

"छापून आलेलं नाही."

"आणि घरं कायमची रिकामी झाली, हे सरांचं छापून आलेलं आहे. तुम्ही एका पानावर त्यांचा आधार घेता आणि त्याच पानाखाली त्यांना खोडून काढता. हे शास्त्रात बसत नाही. एवढी तळटीप काढा, माझी काही हरकत नाही." त्यांनी सरांकडे पाहिलं. "काय सर?"

अंजलीनंही सरांकडे पाहिलं. एक शब्द पुरेसा होता. राहू द्या, एवढं म्हणाले असते तरी राहिली असती. सरांनी पुढ्यातला चहाचा कप थोडा डावीकडे सरकवला, मग पुन्हा होता तिथं आणला.

"काढेल ती," सर म्हणाले.

"काढते सर," अंजली म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला.

"उत्तम! आता सभागृहातून कुणाला काही प्रश्न?" परीक्षकांनी रीत म्हणून विचारलं. असं विचारायचं असतं आणि कुणी काही विचारायचं नसतं, मग टाळ्या आणि पेढे. पण पहिल्या रांगेत चांगुणाबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, विचारतात तर विचारावं.

"अंजे," त्या म्हणाल्या, "ती सखुबाई व्हती ना गं तिच्या घरी होळीला? आपुन दोघी जेवलो तिच्या हातची भाकर. नातू व्हता, अंघोळ घालत व्हती. मग हे साहेब घरं कायमची रिकामी झाली म्हून का सांगाय लागले?"

हॉलमध्ये हसू उसळलं. वाईट नव्हतं ते, कौतुकाचंच होतं. परीक्षकही हसले. "आईंचा प्रश्न छान आहे," ते म्हणाले. "द्या उत्तर, डॉक्टर."

डॉक्टर हा शब्द तिला पहिल्यांदा कुणी म्हटला. आई तिच्याकडे बघत उभी होती, उत्तराची वाट पाहत, भर सभेत आपली पोर आता बोलेल या अभिमानानं. अंजलीनं समोरच्या टेबलाची कड घट्ट धरली.

"उपलब्ध प्रकाशित संशोधनानुसार," ती आईला म्हणाली, "ती कुटुंबं कायमची निघून गेलेली आहेत. बच्छाव, दोन हजार दोन."

चांगुणाबाईंनी सरांकडे पाहिलं, परीक्षकांकडे पाहिलं, आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"असंल बाई," त्या खाली बसत पुटपुटल्या. "माझ्याच ध्यानात ऱ्हायलं नसंल."

टाळ्या सुरू झाल्या तेव्हा इतरांचं पाहून त्याही टाळ्या वाजवू लागल्या.